किनाऱ्यावरील गावाचा कारभार आणि आपली ज्ञाती

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात, वसई पूर्वेकडील एव्हरशाईन सिटी येथे केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात गुणी विद्यार्थ्यांचा गौरव झाला, वडीलधाऱ्यांचा सत्कार झाला, संघाचा जमाखर्च वाचून मंजूर झाला. आता कार्यकारी मंडळाच्या आज्ञेवरून ‘स्थानिक स्वराज्य’ ह्या विषयावर चार शब्द बोलण्याचे काम आमच्याकडे आले आहे. विषय रुक्ष आहे हे आम्ही जाणतो. भोजनाची वेळ जवळ आली असता श्रोत्यांना घरपट्टी, ठराव आणि इतिवृत्त ह्यांची कथा ऐकविणे हे वक्त्याचे धाडसच म्हणावयाचे. तथापि ज्या गोष्टींवर आपल्या विहिरीचे पाणी, वाडीची वाट आणि राहत्या घराची सुरक्षितता अवलंबून आहे, त्या गोष्टी रुक्ष म्हणून टाळता येत नाहीत. आजारी माणसाला औषधाची चव विचारून ते देत नाहीत, तसेच हे आहे.

हा मेळावा एव्हरशाईन सिटीत भरला आहे, ह्यालाही एक अर्थ आहे. आपल्या संघाचा आरंभ झाला तेव्हा त्याच्या सभा वाडीतल्या अंगणात, मांडव घालून होत असत. सभासद बहुतेक सारे रेल्वेच्या पश्चिमेकडील किनारपट्टीत राहणारे. पानमळा, केळी, भाजीपाला आणि फुलझाडे ह्यांवर ज्यांचा प्रपंच चालतो असे. आज सभासदांची कित्येक कुटुंबे रेल्वेच्या पूर्वेला, ह्या वसाहतीत सदनिका घेऊन राहिली आहेत. एक भाऊ गावी वाडी सांभाळतो, दुसरा येथून सकाळची लोकल गाठतो. गणपतीला सारे गावच्या घरी जमतात. कुळदेवत एक, सातबाऱ्यावर नावे एकत्र, परंतु ज्या स्थानिक संस्थेला दोघे कर देतात आणि ज्या मतदारयादीत दोघांची नावे आहेत, त्या मात्र अनेकदा वेगळ्या. ह्या वेगळेपणातून आपल्या घराघरांत जो मतभेद उभा राहिला, त्याचाच विचार आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम गावाचा कारभार म्हणजे काय ते पाहू. १८८२ साली लॉर्ड रिपन ह्यांच्या ठरावाने ह्या देशात आधुनिक स्थानिक स्वराज्याला चालना मिळाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ साली झाला. तोच आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखला जातो. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत अशी त्रिस्तरीय रचना ह्या राज्यात सुरू झाली. १९९२ सालच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींना व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना राज्यघटनेत स्थान मिळाले. म्हणजे आपल्या गावची पंचायत ही कोणा अधिकाऱ्याच्या कृपेने चालणारी संस्था नसून घटनेने मान्य केलेली संस्था आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून वसई तालुक्यातील ग्रामपंचायतींचा जिल्ह्याच्या मुख्यालयाशी संबंध ठाण्याऐवजी पालघरशी जोडला गेला आहे.

ह्या कायद्याचे हृदय कोणते, असे कोणी विचारील तर आम्ही सरपंचाचे नाव घेणार नाही, ग्रामसेवकाचेही नाही, ग्रामसभेचे घेऊ. गावच्या मतदारयादीत ज्याचे ज्याचे नाव आहे तो प्रत्येक स्त्रीपुरुष ग्रामसभेचा सभासद असतो. आमदाराला विधानसभेत जाण्यासाठी निवडून यावे लागते. ग्रामसभेत बसण्यासाठी केवळ मतदार असणे पुरेसे आहे. वर्षाचा जमाखर्च, गतवर्षीच्या कामांचा अहवाल, पुढील वर्षाची कामे, सरकारी योजनांचे लाभार्थी, हे सारे तिच्यापुढे यावे लागते. वर्षातून किमान चार सभा व्हाव्या लागतात आणि नियमित सभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा व्हावी, असाही नियम आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, ह्यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढ्यांची उपस्थिती लागते.

आता पाहा. शंभर माणसे! एखाद्या लग्नाच्या हळदीलाही ह्याहून अधिक माणसे जमतात. तरीही गावोगाव गणपूर्तीअभावी सभा तहकूब होतात, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली म्हणजे तिला गणपूर्तीची अट राहत नाही. मग दहाबारा माणसे बसतात, ठराव लिहिला जातो, सूचक-अनुमोदकांची नावे पडतात आणि पुढे पाच वर्षे आपण ओट्यावर बसून म्हणत राहतो की, ‘आम्हांला कोणी विचारलेच नाही.’ बंधूंनो, विचारले होते. सात दिवस आधी नोटीस लागली होती, कदाचित दवंडीही झाली होती. आपण गेलो नव्हतो.

किनाऱ्यावरच्या गावाचा कारभार मात्र घाटावरच्या गावासारखा सोपा नाही. डोंगरातल्या गावाची शीव नकाशावर दाखविता येते आणि ती जागेवर स्थिर राहते. समुद्रकाठच्या गावाची एक शीव दिवसातून दोनदा पुढेमागे सरकते. भरतीच्या रेषेखालची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे शासनाची आहे. वाळू हे गौण खनिज, म्हणून तिचा प्रश्न महसूल खात्याकडे, म्हणजे तहसीलदाराकडे. धक्का, जेट्टी आणि लहान बंदरे ह्यांचा संबंध १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाशी. मासेमारी नौकांची नोंद मत्स्यव्यवसाय खात्याकडे. किनाऱ्यालगत बांधकाम करावयाचे तर १९९१ साली प्रथम निघालेली आणि २०११ व २०१९ मध्ये नव्याने निघालेली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आडवी येते. सुरूची बाग लावणारे खाते वेगळे आणि तिच्यात रविवारी येणाऱ्या सहलकरी मंडळींचा कचरा उचलणारे वेगळे. आणि ह्या सर्वांच्या मध्ये ग्रामपंचायत उभी असते, जिच्या तिजोरीत घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर व वित्त आयोगाचा निधी एवढीच पुंजी असते. लोक मात्र प्रत्येक तक्रार तिच्याच दारी आणतात, कारण तिचे दार तेवढे जवळ आहे.

अर्नाळ्याचे उदाहरण घ्या. अर्नाळा आणि समोरच्या बेटावरील अर्नाळा किल्ला, ह्या दोन्ही ठिकाणी ग्रामपंचायती आहेत. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून हे बेट घेतले व तेथे नव्याने किल्ला उभारला, हे इतिहासात आपण वाचले आहे. पण आज त्या बेटावर कोळी बांधवांची वस्ती आहे आणि तिला इतिहासापेक्षा होडीची चिंता अधिक आहे. रुग्णाला दवाखान्यात न्यावयाचे तर होडी. बाजाराला, कार्यालयाला जावयाचे तरी होडी. पावसाळ्यात उधाण आले म्हणजे लाटा घरांच्या भिंतींशी येतात. धूपप्रतिबंधक बंधारा हवा, हे तेथल्या लहान मुलालाही कळते. परंतु ग्रामपंचायत तो स्वतःच्या पैशांनी बांधू शकत नाही आणि परवानगीवाचून बांधूही शकत नाही. तिच्या हाती काय आहे? ठराव. ठराव करावयाचा, तो वर पाठवावयाचा, त्याचा पाठपुरावा करावयाचा, पुन्हा स्मरणपत्र धाडावयाचे. कागदाचा ठराव समुद्राच्या लाटेपुढे क्षुल्लक वाटतो खरा; पण जेथे ठरावच नाही तेथे पुढे मागण्यासही काही आधार राहत नाही. सरकारी दप्तरात जे लिहिलेले नसते ते घडलेलेच नसते, हे व्यवहाराचे कटू सत्य आहे.

अशा ह्या ग्रामकारभाराच्या पार्श्वभूमीवर आपल्या तालुक्यात एक मोठे स्थित्यंतर झाले. १९८८ च्या सुमारास वसईची हरित जमीन बांधकामांसाठी खुली करण्याचे धोरण पुढे आले; १९९० मध्ये सिडकोला ह्या भागाचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. पाण्याचे टँकर, झाडतोड आणि जमिनींचे व्यवहार ह्यांविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी त्याचे नेतृत्व केले. ‘सुवार्ता’चे संपादक, पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २०२४ साली ते निवर्तले. धर्म कोणताही असो, किनाऱ्यावरच्या बागायतदाराचे दुःख एकच आहे, हे त्या आंदोलनाने दाखवून दिले.

पुढे ३ जुलै २००९ रोजी विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपरिषदा व ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर भरली. अनेक गावांनी ह्या समावेशास कसून विरोध केला. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचे ठरविले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेथे वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. अखेर २०२४ मध्ये शासनाने ती गावे महापालिकेतच ठेवण्याचे ठरविले. अर्नाळा आणि अर्नाळा किल्ला ह्यांसारखी काही गावे मात्र पंचायतीतच राहिली.

आता आपण त्या दोन भावांकडे येऊ. आम्ही कोणा विशिष्ट घराविषयी बोलत नाही. ह्या मांडवात बसलेल्या प्रत्येक दुसऱ्या घराची ही गोष्ट आहे.

गावचा भाऊ म्हणतो, ‘आमची पंचायत गेली आणि आमचा आवाज गेला. पूर्वी गटार तुंबले तर सरपंचाच्या ओट्यावर जाऊन बसता येत होते. आता अर्ज द्यावयाचा, त्याची पोचपावती घ्यावयाची आणि मग वाट पाहावयाची. घरपट्टी शहराची आणि रस्ता गावचाच. आज वाडी हिरवी आहे. उद्या ती नियोजनाच्या नकाशात पिवळी झाली म्हणजे शेजारी सात मजले उभे राहतील, आमची विहीर आटेल आणि पानवेल सुकेल.’ ह्या बोलण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल?

एव्हरशाईनचा भाऊ म्हणतो, ‘दादा, तुझे खरे, पण आम्हां हजारो लोकांना पाणी कोणती ग्रामपंचायत देणार होती? सूर्या नदीचे पाणी एवढ्या लांबून आणावयाचे, मलनिःसारण करावयाचे, अग्निशमन दल ठेवावयाचे, रुग्णालय चालवावयाचे, ही कामे सतरा सभासदांच्या पंचायतीच्या आवाक्यातली नव्हेत. सूर्या प्रादेशिक योजनेतून ह्या शहरासाठी दररोज १८५ दशलक्ष लिटर पाण्याची तरतूद झाली, ती मोठ्या संस्थेच्या जोरावरच.’ ह्यातही तथ्य नाही असे कोणी म्हणू शकत नाही.

आमचे मत विचाराल तर दोन्ही भाऊ खरे बोलतात आणि दोघेही अर्धेच बोलतात. मोठ्या कामांना मोठी संस्था लागते आणि लहान गावाला जवळचा कान लागतो. मोठी संस्था असावी की लहान, ह्या वादात आपली पंधरा वर्षे गेली. परंतु मोठ्या संस्थेला जवळचा कान कसा द्यावा, ह्या प्रश्नाकडे आपण पुरेसे लक्ष दिले नाही. कायद्याने ह्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असे घटनाच सांगते. शिवाय ग्रामसभेप्रमाणे शहरातही मतदारांची क्षेत्रसभा भरावी, अशी तरतूद ह्या राज्याने २००९ साली महापालिकांच्या कायद्यात केली. आम्ही सभेस विचारतो: येथे बसलेल्यांपैकी किती जणांनी क्षेत्रसभेस हजेरी लावली आहे? हात वर करण्याची तसदी घेऊ नका. उत्तर आम्हांला ठाऊक आहे. जी सभा कोणी मागत नाही ती कोणी भरवीत नाही.

त्यातही ह्या शहराच्या नशिबी एक वनवास आला. २०१५ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर साडेपाच वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. १५ जानेवारी २०२६ रोजी अखेर ११५ जागांसाठी मतदान झाले. ह्या मधल्या काळात अंदाजपत्रके झाली, कर ठरले, कामे निघाली. परंतु त्यांवर प्रश्न विचारणारा एकही लोकनियुक्त सभासद नव्हता. प्रशासक कितीही कार्यक्षम असला तरी तो वर उत्तर देतो, खाली नाही. लोकनियुक्त माणूस कसाही असला तरी पाच वर्षांनी त्याला आपल्या दारी यावे लागते, एवढा तरी धाक राहतो. लोकशाहीची किंमत तिच्या गैरहजेरीत कळते, ती आपल्याला कळली आहे. आता ती विसरता कामा नये.

येथे कोणी म्हणेल की, गावचे प्रश्न गावच्यांनी पाहावेत, आम्हां सदनिकावासीयांचा त्यांच्याशी संबंध काय? म्हणून पाण्याचीच गोष्ट सांगतो. जुलै २०१८ मध्ये ह्या परिसरात जो जलप्रलय झाला तो आपणांस आठवत असेल. रेल्वे बंद पडली, मिठागरांतील माणसे अडकून पडली, ह्या वसाहतीच्या रस्त्यांवर पाणी उभे राहिले. पाणी आले कोठून? तुंगारेश्वराच्या उतारावरून येणारे पावसाचे पाणी पूर्वी सखल शेतांत, खाजणांत आणि मिठागरांत पसरत असे आणि ओहोटीबरोबर खाडीवाटे समुद्राला मिळत असे. ती सखल जागा भरावाने उंच झाली, नाले अरुंद झाले. मग पाण्याने आपली जुनी जागा शोधली, आणि त्या जागेवर आता आपले तळमजले होते. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञांच्या सत्यशोधन समितीनेही पाणी धरून ठेवणाऱ्या तलावांची निकड सांगितली.

आमच्या पूर्वजांना हे शास्त्र ठाऊक नव्हते काय? पश्चिमेकडच्या वाड्यांतून बावखले खणणारे तेच होते. पावसाचे गोडे पाणी बावखलात साठावे, जमिनीत मुरावे, विहिरी भराव्यात, खारे पाणी दूर राहावे आणि उन्हाळ्यात रहाटाने शिंपणे चालावे, अशी ती योजना. ह्या बावखलांनी पिढ्यान् पिढ्या पानमळे आणि केळी जगविल्या. आगाशीची सुकेळी मुंबईच्या बाजारात गेली ती ह्याच पाण्याच्या बळावर. आज एकेक बावखल मातीच्या गाड्यांनी भरले जात आहे. कोठे वारसांची संमती असते, कोठे वारसांनाच पत्ता नसतो. आणि हे वारस कोण? पुष्कळदा आपणच, सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत पण पाय ज्यांचे वाडीला वर्षातून एकदाच लागतात, असे आपण. तेव्हा पूर्वेकडील नाला आणि पश्चिमेकडील बावखल ह्यांचा न्याय एकच आहे: पाण्याची जागा पाण्याला ठेवावी. ज्याला एव्हरशाईनमध्ये पूर नको आहे त्याने गावचे बावखल भरू देता कामा नये. एक हात तक्रारीचा आणि दुसरा भरावाचा, हे चालावयाचे नाही.

दुसरी गोष्ट घरांची. नालासोपारा पूर्वेस सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडण्यात आल्या. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी घामाचे पैसे दिले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे एक इमारत कोसळून १७ माणसे मृत्यू पावली. ह्या बातम्या वाचून आपण हळहळलो. पण हळहळ हे कर्तव्य नव्हे. बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीचे आरक्षण हे कागद पाहिल्यावाचून आपल्या ज्ञातीतील कोणीही घर घेऊ नये आणि वाडी विकताना कोणीही ते कागद डावलणाऱ्याच्या हाती जमीन देऊ नये. घेणाऱ्याचा सर्वनाश होतो तेव्हा विकणाऱ्याचे हात अगदीच स्वच्छ राहत नाहीत.

आता प्रश्न येतो की, ह्यात ज्ञातिसंघाने काय करावे? काहींचे म्हणणे असे की, ज्ञातिसंघाचे काम वधूवर सूचक मंडळ, शिष्यवृत्ती आणि हळदीकुंकू एवढेच. राजकारण त्याने करू नये. त्यांच्या म्हणण्यातील एक भाग आम्हांस पूर्ण मान्य आहे. ज्ञातीच्या नावाने मत मागणे हे विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकांत कायद्यानेच भ्रष्ट आचरण ठरते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली त्याचा अर्थ अधिकच कडक लावला. निवडणूक लहान असली म्हणून नीती लहान होत नाही. ज्ञातीची मते एकगठ्ठा कोणाच्या पदरात टाकू पाहणारा मध्यस्थ संघाच्या व्यासपीठावर कधीही चढता कामा नये. आपल्या किनाऱ्यावर कोळी आहेत, मांगेले, भंडारी, आगरी, सामवेदी, ख्रिस्ती, आदिवासी आहेत. गावचा कारभार ह्या सर्वांचा आहे. आपल्या ज्ञातीचा सरपंच असावा ही आकांक्षा नसावी. सरपंच कोणाही ज्ञातीचा असला तरी त्याच्यासमोर बसणारे शंभर नागरिक जागरूक असावेत, आणि त्यांत आपली माणसे मागे नसावीत, ही आकांक्षा असावी.

परंतु राजकारण न करणे म्हणजे नागरिकत्व सोडणे नव्हे. म्हणून आम्ही काही सूचना आपल्यापुढे ठेवतो. त्या खर्चाच्या नाहीत, केवळ चिकाटीच्या आहेत.

पहिली सूचना मतदारयादीची. एका माणसाचे नाव दोन ठिकाणी असू शकत नाही आणि असू नये. जो जेथे राहतो तेथे त्याचे नाव असावे, आणि तेथल्या सभेत त्याने बसावे. गावी राहणाऱ्याने ग्रामसभा चुकवू नये. येथे राहणाऱ्याने क्षेत्रसभेची मागणी नव्या सभागृहाकडे लेखी करावी.

दुसरी सूचना बावखलांची. संघाच्या तरुणांनी गावोगाव फिरून आपल्या कुटुंबांच्या मालकीच्या बावखलांची एक वही तयार करावी. गाव, वाडी, सातबाऱ्यावरील नावे, बावखल आज भरलेले की जिवंत, एवढे चार रकाने पुरेत. ही वही संघाच्या कार्यालयात राहील. ज्या दिवशी कोणी भरावाची गाडी आणील त्या दिवशी तिचा उपयोग कळेल.

तिसरी सूचना स्त्रियांविषयी. २०११ पासून ह्या राज्यातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तथापि पुष्कळ ठिकाणी खुर्ची बाईंची आणि सही त्यांच्या यजमानांच्या सांगण्यावरून, असा प्रकार चालतो. ज्या भगिनी वाडीचा हिशेब, घरचा हिशेब आणि बचत गटाचा हिशेब चोख ठेवतात, त्यांना पंचायतीचा जमाखर्च कळत नाही असे म्हणणे हा आपल्याच घराचा अपमान आहे. महिला सभेचा दिवस घरातील पुरुषांनी ध्यानात ठेवावा आणि त्या दिवशी स्वयंपाकाची काळजी स्वतः वाहावी, एवढे तरी पुण्य त्यांनी जोडावे.

चौथी सूचना माहितीची. २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. आपल्या ज्ञातीत वकील आहेत, अभियंते आहेत, सेवानिवृत्त अधिकारी आहेत. महिन्यातून एका रविवारी दोन तास त्यांनी संघाच्या कार्यालयात बसावे आणि ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, नकाशा वाचता येत नाही, त्यांचे काम करून द्यावे. मात्र येणाऱ्याला ज्ञाती विचारू नये.

शेवटची सूचना सर्वांत कठीण आहे. घरपट्टी वेळेवर भरावी. जो भरत नाही त्याला प्रश्न विचारण्याचा कायदेशीर अधिकार राहतो, पण त्याच्या आवाजात वजन राहत नाही. कर देणारा आणि हिशेब मागणारा असा नागरिक ज्या गावात आहे त्या गावचा कारभार वाईट राहूच शकत नाही, असा भाबडा विश्वास आम्ही बाळगीत नाही. परंतु ज्या गावात असा नागरिक नाही त्याचा कारभार कोणी चांगला करून दाखविल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

बंधुभगिनींनो, समुद्र आपल्या गावाची जमीन दरवर्षी थोडी थोडी घेतो. त्याच्याशी भांडता येत नाही, बंधारा मागता येतो. शहर आपल्या वाड्या थोड्या थोड्या घेते; त्याच्याशी भांडून भागत नाही, नियोजनाच्या आराखड्यावर मुदतीत हरकत घ्यावी लागते. परंतु आपला सहभाग मात्र कोणी आपल्याकडून हिरावून घेतलेला नाही. तो आपणच, सभेला न जाता, एकेका तहकुबीबरोबर टाकून दिला आहे, आणि म्हणून तो परत घेणेही आपल्याच हाती आहे. पुढील ग्रामसभेच्या नोटिशीचा कागद गावच्या फलकावर लागेल तेव्हा गावचा भाऊ ती येथल्या भावाला कळवो आणि येथल्या क्षेत्रसभेची बातमी येथला भाऊ गावी कळवो. वाटणी झालेल्या घरांत वर्षातून एकदा गणपती एकत्र बसतो, तसा कारभारही एकत्र बसला तर हा मेळावा सार्थकी लागला असे आम्ही समजू.